सोनीला पळवणारी बाई कॅमेऱ्यात सापडली त्या दिवसाची गोष्ट

माझी पोरगी टीव्हीत फाटकाबाहेर चालल्ती, आन मी टीव्हीपुढं रिकामा तांब्या घेऊन उभी होते.

"सोने! ए सोने! मागं फिर!" मी टीव्हीला ओरडले.

आन पोरगी मागं फिरली!

देवाशप्पथ सांगते, फिरली. पाय उचललेला तसाच थांबवला, मान वळवली, माझ्याकडं बघितलं. माझ्या हातातला तांब्या खाली पडला. म्हटलं, बाई गं, आवाज तिथपर्यंत जाऊन राह्यला! आता पळत फाटकाकडं जावं का इथंच उभं राहून हाका माराव्या? पुढं रस्ता, रस्त्यावर उसाच्या ट्रका, आन माझी अडीच वर्षांची सोनी एकटी!

थांबा. आधी मागचं सांगते, न्हाई तर तुम्हाला काहीच कळायचं न्हाई. (मला तं तव्हा बी कळत नव्हतं, पण ते जाऊ द्या.)

आमचं घर वाटूरच्या बाहेर, मंठ्याकडच्या रस्त्याला. घर नवं, फाटक नवं, शेजार म्हणशाल तं चारी बाजूंनी नुसती कपाशी. आदल्या महिन्यात भर दुपारी अंगणातून पाण्याच्या मोटारीची केबल गेली. अख्खं वेटोळं! मी मागं कपडे धूत होते. तेव्हापासून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येईल त्या बाईला सांगायच्या, "सून घरातच होती हो. कपडे मात्र लई स्वच्छ धुतले तिनं."

त्यात त्या वर्षी आमच्याकडं हवा उठल्ती, पोरं पळवणारी बाई फिरून राह्यली म्हणून. कोणी म्हणायचं तिच्या झोळीत गूळ असतो, कोणी म्हणायचं गुंगीचं औषध. मी आठवीत शाळा सोडलेली, मला दोन्ही खरं वाटायचं. दिवसातून वीसदा सोनीला मोजायचे. एकच पोरगी, तरी मोजायचे!

शेवटी आमच्या ह्यांनी ठरवलं, अंगणात कॅमेरा बसवायचा.

गावातले गोपालशेठ आमच्या घरच्यासारखे. त्यांच्या आजोबापासून वाटूरला किराणा दुकान. त्यांनी दुकानात आधीच कॅमेरा लावला होता. ते म्हणाले, "भाऊ, जल्दी लावून टाका. पण बराबर बघून घ्या. एक कॅमेरा नुसता दाखवतो. दुसऱ्यासंगं डब्बा येतो, तो बघितलेलं सगळं ध्यानात ठेवतो. पंधरा दिवस!"

पंधरा दिवस! मला सकाळी डाळीत मीठ टाकलं का न्हाई ते दुपारी ध्यानात राहत न्हाई.

मंग जालन्याहून कॅमेरेवाला दोन्ही माल घेऊन आला. म्हणाला, दिवसभर चालवून बघा, पसंत पडंल तो ठेवा. एक कॅमेरा गोल, उलट्या वाटीसारखा. तो दारावर लावला. दुसरा डब्बेवाला, लांबडा, रंगपंचमीच्या पिचकारीसारखा, तो फाटकाकडं तोंड करून. वायर आणून लावली बैठकीतल्या टीव्हीला, आन टीव्हीत आमचं अंगण आलं! आमचीच तुळस, आमचीच म्हैस, आमचाच फुटका रांजण. मी हात जोडले. खरंच जोडले. तो डोळा असा, की पापणी म्हणून लवत न्हाई.

मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, कॅमेरेवाल्याला एकच गोष्ट इचारली. "चोर आला तं हा काय करतो?"

"बघतो बाबा."

"नुसता बघतो?"

"हो, नुसता बघतो."

"मंग आमचा पोरगा काय वाईट हाय? तो बी नुसताच बघतो."

(आमचे हे तिथंच उभे होते. नुसते बघत होते.)

आत्याबाईला तो गोल कॅमेरा आवडला, पण नव्या वस्तूला नजर लागू नये म्हणून त्यांनी त्याच्यापुढं लिंबू-मिरची बांधली. झालं! टीव्हीत एकच मिरची, केळाएवढी. तिच्यामागून हत्ती चालत गेला असता तरी कळलं नसतं. कॅमेरेवाला काढायला गेला तं आत्याबाई म्हणाल्या, "हात लावू नको रे, त्याची दृष्ट निघून राह्यली." म्हणून मंग सगळी मदार पिचकारीवर.

आता माझी पंचाईत ऐका. आमच्या घरात सासऱ्यापुढं सुनेचा पदर हनुवटीपर्यंत. त्यांच्यापुढं तोंडातून शब्द काढायचा न्हाई. ते असले तं बैठकीत पाय ठेवायचा न्हाई. सहा वर्षं झाली लग्नाला, मामंजींनी माझं तोंड बघितलं असंल तं लग्नाच्या फोटोत. त्या दिवशी मामंजी बैठकीत टीव्हीपुढं बसलेले, मी अंगणात झाडू मारून राह्यलेली. मधी चांगली जाडजूड भिंत. म्हणून मी पदर खोचलेला. तोच आतून आत्याबाईचा आवाज, "अगं ए! पदर घे की! मामंजींना दिसून राह्यली तू!"

भिंतीतून! तिथून पुढं अंगणात पाय टाकला की पदर हनुवटीपर्यंत. सोनीला सारखं फाटकाकडं पळायचं वेड. सकाळपासून तिला तसंच चाचपडत सात वेळा उचलून आणलं. एकदा कशाला तरी धडकले, वाटलं आत्याबाई, म्हणून घाबरून पाया पडायला वाकले. म्हैस होती.

दुपारी सोनीनं माझ्या अंगावर वरण सांडलं. मी साडी बदलली, अंगावरची फुलाफुलाची धुऊन मागं तारेवर टाकली, आन पोरीला मागच्या खोलीत झोळीत निजवलं. झोळी म्हणजे आढ्याला बांधलेलं लुगडं. पण आमची सोनी त्यातून माकडावानी खाली उतरते. पुरुष माणसं मागच्या ओसरीत जेवायला बसली, गोपालशेठ बी होते. कॅमेरेवाल्यानं चार घासात जेवण उरकलं, डब्ब्याचं काहीतरी दाबलं आन वायर बांधायला वर छतावर, माळवदावर, चढला. बैठक रिकामी. मी तिथला रिकामा तांब्या भरून आणायला आत गेले.

आन टीव्हीत सोनी फाटकाबाहेर चालल्ती.

तं, ती मागं फिरली इथपर्यंत सांगितलं होतं. मी म्हटलं, "हां, आता घराकडं ये. ये माझी बाय!" ती हसली आन पुन्हा रस्त्याकडं वळली. (घरात बी असंच करते.) तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यातून एक बाई आली. पदर पार हनुवटीपर्यंत! भराभरा चालत आली, सोनीला उचललं, कमरेवर घेतलं. आन सोनी रडली न्हाई, ओरडली न्हाई, उलट तिच्या गळ्यात हात टाकले! गुंगीचं औषध! दुसरं काय असणार? आन साडी? साडी माझी! फुलाफुलाची, तारेवर वाळत घातलेली! मेली आधी माझी साडी चोरून नेसली आन मंग माझी पोरगी चोरायला आली!

"पळवली हो! माझी सोनी पळवली!"

ओसरीतली माणसं खरकट्या हातानं पळत आली. मामंजींना बघून माझा पदर आपोआप खाली आला. तेवढ्या घाईत बी आला! हे फाटकाकडं पळाले आन पळतच परत आले. "फाटकापाशी कोणीच न्हाई!"

"अहो, टीव्हीत हाये ना!" मी पदरातून कुजबुजले.

"टीव्हीत हाये, फाटकात न्हाई!"

गोपालशेठ टीव्हीला नाक लावून बसले. "तोंड बिलकुल झाकलं हाय. पक्की चोर हाय ही. हिला कॅमेऱ्याचं म्हाईत हाय."

"चाल बघा कशी!" आत्याबाई म्हणाल्या. "चालीवरूनच कळतं, चांगल्या घरची न्हाई."

तेवढ्यात ती बाई पोरीला घेऊन सरळ आमच्या दाराकडं आली आन टीव्हीतून दिसेनाशी झाली. गोपालशेठ हळूच म्हणाले, "ती तं घरात शिरली."

एका मिनिटात सगळे अंगणात. ह्यांनी पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली. रस्त्यावरची एक जीप थांबली, त्यातली दहा-बारा माणसं उतरली, शेजारच्या वावरातले गडी आले, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात कपाशीची वाळकी पऱ्हाटी. आत्याबाईनं केरसुणी घेतली. मामंजी मधोमध उभे राहून म्हणाले, "आतच हाय. कोणी हलू नका."

मी हलले. मला झुरळाची भीती वाटते, पालीची वाटते, कडक इस्त्रीच्या माणसाची बी वाटते. पण आत माझी पोरगी होती. मी भिंतीच्या कडेनं मागं गेले, स्वैपाकघराच्या दारातून आत शिरले, हातात लाटणं घेतलं. मागच्या खोलीत पाय टाकला.

झोळी हलत होती. हळू. आत सोनी, तोंडात अंगठा, गाढ झोपलेली. कपाळावर घाम, गालावर वरणाचा डाग, जिथं मी सोडला होता तिथंच.

लाटणं कुठं पडलं मला म्हाईत न्हाई. मी तिला उचललं, छातीशी धरलं आन रडतच बाहेर पळाले. एवढंच सांगायचं होतं सगळ्यांना, की सापडली, सापडली! पण कोपऱ्यावरून वळले आन समोर मामंजी. त्यांच्यामागं वीस-पंचवीस माणसं. हातानं आपलं काम केलं. पदर हनुवटीपर्यंत.

आता त्यांच्या बाजूनं बघा. घरातून एक बाई निघाली. तोंड झाकलेलं. काखेत सोनी.

"हीच ती!" गोपालशेठ किंचाळले.

"अहो, साडी वेगळी हाय!" मामंजी म्हणाले.

"बदलली असंल! घरात काय साड्या कमी हायेत?"

आन आत्याबाई आल्या. "ठेव! ठेव माझी नात खाली!" धप्प! केरसुणी पाठीत. "केबल बी तूच नेली ना गं?" धप्प! मला ओरडायचं होतं, आत्याबाई, मी हाये! पण मामंजी चार हातांवर उभे. सासऱ्यापुढं तोंड कसं उघडावं? मी मान हलवली. "मान हलवून राह्यली, कबूल हाय!" धप्प!

हे काठी उगारून पुढं आले. डोळे लाल. एवढा शूर नवरा मी सहा वर्षांत पहिल्यांदा बघितला, आन तो बी माझ्यावरच!

"बोल! कोण हायेस तू? कोणाची हायेस?"

मी अगदी बारीक आवाजात म्हटलं, "तुमची."

"काय म्हणली?" मागून कोणीतरी इचारलं.

ह्यांची काठी तशीच वर. तोंड उघडं. तेवढ्यात त्या गोंधळानं सोनी जागी झाली, इकडंतिकडं बघितलं आन म्हणाली, "आज्जी, आईला का मारून राह्यली?"

आत्याबाईनं केरसुणी हळूच पाठीमागं लपवली.

आन वरून, माळवदावरून, कॅमेरेवाल्यानं मुंडकं बाहेर काढलं. "काय झालं हो भाऊ? टीव्हीत सकाळचं चालू राह्यलं, बंद करा जरा. डब्ब्याचं ध्यान बराबर हाय का, ते बघायला लावलं होतं."

सकाळचं! म्हणजे ती सोनी सकाळची. ती बाई सकाळची. साडी वाळायला टाकायच्या आधीची. ती बाई मी! आन टीव्हीला हाक मारल्यावर पोरगी फिरली, ती सकाळी बी मीच हाक मारल्ती म्हणून!

सगळे पुन्हा बैठकीत गेले, जीपवाले सुद्धा. मी उंबऱ्याबाहेरून बघितलं. कॅमेरेवाल्यानं पुन्हा लावलं. ती बाई भराभरा चालत आली, पोरीला उचललं, पदराच्या टोकानं तिच्या पायाची माती पुसली. एक पाय, मंग दुसरा. मला म्हाईतच नव्हतं मी असं करते. मघाशी ते दिसलं तव्हा मी म्हणत होते, बघा मेली पुरावा पुसून राह्यली! आता डोळ्याला पाणी आलं. केवढी जपून नेत होती ती बाई माझ्या पोरीला.

संध्याकाळी आत्याबाईनं माझ्या पाठीला तेल लावलं. फक्त तेल लावता लावता म्हणाल्या, "चाल सुधार पण."

मामंजींनी डब्बेवाला कॅमेरा ठेवून घेतला. मंग सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणजे तोंड भिंतीकडं करून बोलले, पण माझ्याशीच. "सूनबाई, उद्यापासून पदर डोक्यावर. तोंडावर न्हाई. घरची माणसं कॅमेऱ्यात वळखू आली न्हाईत, तं एवढा खर्चा कशाला केला?"

डब्ब्यानं केरसुणीचा कार्यक्रम बी ध्यानात ठेवला होता. पंधरा दिवस वाटूरच्या बाया चहाला यायच्या. चहा पिता पिता म्हणायच्या, "लावा की ते, 'तुमची' म्हणती ते." आवाज येत नव्हता त्यात, तरी म्हणायच्या. चहा मीच करायचे!

आजबी लोक मला इचारतात, येडे, आधी झोळीत का न्हाई बघितलं? आता तुम्हीच सांगा. टीव्हीत आपल्या डोळ्यांदेखत आपलीच पोर कोणीतरी उचलून नेऊन राह्यलंय, तं तुम्ही झोळी बघत बसला असता? बरं, बघितली असती समजा. पण मी स्वतःच स्वतःच्या नावानं बोंब मारून पंचवीस माणसं गोळा केली, स्वतःच आत जाऊन चोराला बाहेर आणलं, आन मार खाताना बी मनात म्हणत होते, चांगलं झालं, मेलीला असंच पाहिजे! तुम्ही माझ्या जागी असता, तं काय केलं असतं?