चौथी ओळ

खरं तर माझ्यासारख्याने बाईंवर लिहू नये. आमच्या घरी पत्रसुद्धा शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेत. कॉलेजात गेलेला मी पहिला. बाईंनी हे वाचलं असतं तर पहिल्याच वाक्याखाली लाल रेघ आली असती, कारण जगातली कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय सोडायची नाही, असं ठरवूनच त्या जन्माला आल्या होत्या.

विद्यानगरात त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो. मुलींच्या शाळेत गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांची लाल पेन्सिल मात्र झाली नव्हती. घरी आलेली लग्नपत्रिका तपासून, गुण देऊन परत जायची. सुलतान बाजारात कापड घेताना त्या स्वतःची मीटरपट्टी पिशवीतून काढत आणि मी दुकानदाराची नजर चुकवत रस्त्याकडे बघत राही. गल्लीत नव्याने केबल आली तेव्हा सगळे सिनेमे बघत. बाई बातम्या बघत आणि निवेदिकेच्या चुकांची यादी केबलवाल्याच्या हातात ठेवत. तो बिचारा म्हणायचा, "अम्मा, मैं तो खाली तार जोडतूं." बाई म्हणत, "तो वो भी ठीक से जोडो."

दवाखान्यात मात्र त्या कधी जात नसत. आजारी माणसाने तिथे ताटकळत बसून आणखी आजारी का व्हायचं, असं त्यांचं म्हणणं. "मी कशाला? कागद जाऊ दे." प्रश्नपत्रिकेसारखे क्रमांक घालून त्या आपली लक्षणं लिहीत आणि तो कागद मी घेऊन जाई. डॉक्टर तेलुगू, त्यांना मराठी वाचता येत नसे. मी एकेक ओळ हिंदीत सांगायची आणि त्यांचं उत्तर समोर लिहून आणायचं. मग बाई डॉक्टरांना गुण देत. खोकल्याच्या वेळी दहापैकी चार मिळाले होते. पुढच्या खेपेला डॉक्टरांनीच हळूच विचारलं, "पिछली बार कितने आए?"

एकदा कागदावर पाच ओळी होत्या. थकवा, कंबरदुखी, भूक नाही. चौथी ओळ अशी: 'पाळी थांबून बारा वर्षं झाली. दोन महिन्यांपासून पुन्हा रक्त जातं.' डॉक्टरांच्या खोलीतच बाकावर सात-आठ बायका बसल्या होत्या. आमच्या गावाकडे पाळी हा शब्द मी पुरुषाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. मी तिसरीवरून थेट पाचवीवर गेलो. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. चौथीसमोरची जागा कोरीच राहिली. बाईंनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि त्या दिवशी गुण दिले नाहीत. मी वर निघून गेलो.

सहा महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. मोठ्या दवाखान्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. पहिल्या ठिकाणी निदान होईना, म्हणून तो दुसरीकडे गेला. मग कळलं, अस्तराचा कॅन्सर, पण नेहमीचा नव्हे; फार क्वचित आढळणारा आणि लवकर पसरणारा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त कधीपासून जातंय? मी खाटेशीच उभा होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झाले असतील पंधरा दिवस," त्या म्हणाल्या.

जन्मभर दुसऱ्यांचे आकडे दुरुस्त करणाऱ्या बाईंनी धडधडीत चुकीचा आकडा सांगितला. आणि तोही मी दुरुस्त केला नाही.

पुढे त्यांची भाची त्यांना नांदेडला घेऊन गेली. परीक्षा आहे म्हणून मी स्टेशनवर गेलो नाही. गाडी सकाळची होती, परीक्षा दुपारची. पत्र लिहीन लिहीन म्हणत तेही राहिलं.

गेल्या महिन्यात भाचीचं पाकीट आलं. मावशी गेली, शेवटचे दिवस शांत होते, आणि तिच्या पेटीत तुझं नाव घालून ठेवलेला हा कागद निघाला, एवढंच तिने लिहिलं होतं. कागद तोच होता. पाच ओळी, समोर माझ्या अक्षरातली चार उत्तरं. चौथीसमोरच्या कोऱ्या जागेत लाल पेन्सिलीने लिहिलं होतं:

'प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. विद्यार्थ्यास पूर्ण गुण.'