माझ्यासाठी केतकी फोन करायची

त्या शनिवारी शंतनूच्या दाराशी चपलांमध्ये काळे, बंद, चकचकीत शूज दिसले आणि मी दचकले.

शूज बघून कोण दचकतं? मी दचकते. कुकरची शिट्टी, मागून आलेली स्कूटर, स्वतःच्याच फोनची रिंग, मला काहीही पुरतं. पण हे दचकणं वेगळं होतं. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात आम्ही नोकरी शोधणारे तिघं राइट टाउनला शंतनूच्या घरी दर शनिवारी जमायचो ते घरातल्या कपड्यांत, पायांत स्लिपर अडकवून. ते शूज केतकीचे होते. केतकी सरळ कुठून तरी येऊन राहिली होती, आणि कुठून ते तिनं ग्रुपवर टाकलं नव्हतं!

नोकरी लागलेल्याकडे सांगायला एकच किस्सा असतो: लागली. न लागलेल्यांकडे मात्र साठत जातात. आमच्याकडे तर इतके साठले की शनिवारी कोणी रिकाम्या हातानं यायचं नाही. शूजचंही सांगते, पण त्याआधीचे थोडे ऐका.

* * *

सुरुवात एका फुकटच्या वेबिनारनं झाली. कोच स्क्रीनवरून म्हणाले, "जॉब सर्च हा सुद्धा फुल टाइम जॉब आहे." माझे बाबा, फॅक्टरीतून रिटायर झालेले, मागून म्हणाले, "मग पगार कोण देऊन राहिलं?"

पुढे कोच म्हणाले, स्वतःला विकायला शिका. आम्ही तिघांनी शंतनूच्या हॉलमध्ये बसून प्रयत्न केला. तासाभरानं तिघांच्या कागदावर आपापलं नाव आणि पत्ता, एवढंच!

शंतनूच्या आई, म्हणजे आमच्या काकू, जन्मभर शाळेत शिकवलेल्या. त्यांनी कागद बघितले. "काहून इतके लाजून राहिले रे? स्वतःचं कौतुक जमत नाही ना? मग एकमेकांचं करा. चलो!"

अशी वाटणी झाली. केतकीचा रिझ्युमे मी लिहायचा. माझा केतकीनं. मला फोनची भीती, म्हणून माझ्यासाठी कंपन्यांना फोनही तिनंच करायचे. दोघींचे मॉक इंटरव्ह्यू शंतनूनं घ्यायचे.

"आणि माझं कोण करेल?" शंतनूनं विचारलं.

"तुझं मी," काकू म्हणाल्या. "तुझं कौतुक दुसरं कोण करणार आहे?"

* * *

केतकीचा रिझ्युमे मी जीव ओतून लिहिला. कॉलेजच्या गॅदरिंगला तिनं खुर्च्या मांडल्या होत्या, मी लिहिलं 'कार्यक्रम-व्यवस्थापन'. तिचं मेसवाल्याशी भांडण झालं होतं, मी लिहिलं 'वाटाघाटींचा अनुभव'. लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचलं. कोण आहे ही पोरगी? हिला तर मीच नोकरी दिली असती!

खुर्च्या मीपण मांडल्या होत्या. तिच्यापेक्षा जास्त. पण माझा रिझ्युमे केतकीकडे होता आणि त्यात एकच ओळ होती: 'शांत, मेहनती, वेळेवर येते.'

"बस, इतकंच?" मी विचारलं.

"यार, तू वेळेवर येते ना?" केतकी म्हणाली. "मग खोटं काय लिहिलं मैंने?"

* * *

नकार सगळ्यांनाच यायचे. शंतनूला एकदा मोठ्या कंपनीचा आला. तो तोंड पाडून बसला होता. मी त्याचा फोन हातात घेऊन वाचला. 'प्रिय शंतनू, खेद आहे...'

'प्रिय शंतनू'! मला येतात ते सगळे 'प्रिय उमेदवार'. नकारसुद्धा नावानं येत नाही माझ्या!

मी इतका वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले की शंतनूच मला म्हणाला, "जाऊ दे ना रेवा, इतकं मनाला काहून लावून घेते? मला दुसरी मिळेल."

* * *

कोचनी नेटवर्किंग करा म्हटलं होतं. बाबांनी ते मनावर घेतलं. माझ्या रिझ्युमेच्या प्रती काढून मॉर्निंग वॉकला नेल्या. बाबांचं नेटवर्क भलं मोठं आहे, पण सगळं रिटायर्ड!

तरी एक दिवस फोन आला. जवळच्या पनागरहून, एक बाई मराठीत बोलत होत्या. "तुमच्या मुलीचा बायोडाटा मिळाला. शांत, मेहनती, वेळेवर येते. आम्हाला अशीच पाहिजे."

आईनं आनंदानं फोन माझ्या हातात दिला. मी दचकून विचारलं, "पोस्ट कोणती आहे?"

"मुलगा इंजिनियर आहे," बाई म्हणाल्या. "नागपूरला मोठ्या कंपनीत. लागून दोन वर्षं झाली."

लागून दोन वर्षं! त्या न बघितलेल्या मुलावर मी अशी काही जळले की तोंडातून निघून गेलं, "त्यांच्या कंपनीत आत्ता भरती चालू आहे का हो?"

त्यांचा परत फोन आला नाही. आई चिडली. मी म्हटलं, माझे फॉलो-अपचे फोन केतकीकडे आहेत.

* * *

मॉक इंटरव्ह्यूला शंतनू वडिलांचा टाय लावून बसायचा. पहिली केतकी.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"सर, तुमच्या खुर्चीत." केतकी पायावर पाय टाकून म्हणाली. "तुम्ही तोवर वरच्या मजल्यावर गेलेले असाल." काकूंनी स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवल्या. मी असं उत्तर कधी, कुठल्या जन्मी देणार?

मग मी. प्रश्न तोच. मी तोंड उघडलं आणि आत कुकरची शिट्टी झाली. मी खुर्चीतून उडाले. घाईनं म्हटलं, "पाच वर्षांनी? इथंच!"

"इथंच म्हणजे? आमच्या घरी?" शंतनूचा टायच सैल झाला.

आतून काकूंचा आवाज आला, "मला चालेल!"

केतकी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. इतकं छान हसतापण येतं तिला.

* * *

आता खरी गोष्ट. शेतीची अवजारं विकणारी एक कंपनी आहे, पाटनच्या रस्त्यावर ऑफिस. तिथं ऑफिस को-ऑर्डिनेटरची जागा निघाली आणि मला चक्क इंटरव्ह्यूला बोलावलं. झालाही बरा. मॅनेजर सर म्हणाले, कळवतो.

मला ती नोकरी हवीच होती. दादा पुण्याला असतो आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यापर्यंत बघ. नाही तर दादाकडे जा." पुण्यात मी 'काय करून राहिली वहिनी?' म्हटलं की वहिनी आधी माझ्या बोलीला हसते, मग उत्तर देते. असं हसू झेलत जन्म काढायचा?

पण कळवतो म्हणणारे कळवेनात. नियमाप्रमाणे केतकीनं फोन लावला. स्पीकरवर. मी उशी कवटाळून बसले.

"नमस्ते सर, मैं केतकी बोल रही हूँ, रेवाजी की तरफ़ से।" काय तो आवाज! इस्त्री केलेला. "सर, रेवाजी को ज़्यादा इंतज़ार मत कराइए. ऐसे लोग जल्दी निकल जाते हैं।"

सर हसले. इंटरव्ह्यूत माझ्यासमोर एकदाही हसले नव्हते. "और आप कहाँ काम करती हैं, केतकीजी?"

"फ़िलहाल तो रेवाजी के लिए, सर!"

सर आणखी हसले. केतकीनं फोन ठेवला आणि अंगठा दाखवला. मी पण दाखवला. पण माझ्याच नोकरीसाठी केलेल्या माझ्याच फोनचा मला हेवा वाटून राहिला होता, हे कोणाला सांगणार?

असे ती आठवडाभर फोन करत होती. ते पहिलं वाक्य तर मला झोपेतही पाठ झालं.

* * *

तर ते शूज.

केतकी सतरंजीवर बसली, पोहे घेतले नाहीत. काकूंनी विचारलं, "काय गं, पोट बरं नाही?"

"काकू, वो क्या है ना..." ती माझ्याकडे बघेना. "रेवासाठी फोन करून राहिली होती ना मी? तर सर म्हणाले, आपका भी रिझ्युमे भेज दीजिए. मी भेजला. आज बुलाया था. आणि... घेतलं."

"कोणाला घेतलं?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

"मला. यार रेवा, मैं क्या करती? रिझ्युमे वाचून ते इतके खूश झाले. म्हणाले, वाटाघाटींचा अनुभव आहे आपको!"

मी तोंड भरून अभिनंदन केलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. काकूंनी बाहेरून दार वाजवलं, "रेवा, पाणी पुरवून वापर गं, टाकी खाली व्हायला आली."

पुढच्या शनिवारी केतकी खव्याची जिलेबी घेऊन आली. मी रागानं खात गेले. पुडा संपला तेव्हा शंतनू म्हणाला, "मला एक तरी ठेवायची होती."

* * *

दसरा तोंडावर आला. दादानं तिकिटाचं विचारलं. त्याच संध्याकाळी केतकी ऑफिसमधून थेट माझ्या घरी आली, गळ्यात आयकार्ड. मी आयकार्डकडे बघायचं नाही म्हणून तिच्या कानांकडे बघत बसले.

"ऐक. आणखी एक जागा निघाली. पत्रं, कोटेशन, सगळं लिहायचं काम. सरांनी विचारलं, आपका रिझ्युमे किसने लिखा था? मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणे, उनको बोलो फ़ोन करें।"

"कर ना मग," मी म्हटलं. "तूच करते ना माझे फोन."

"अगं, मी आता तिथलीच झाली! मी त्यांच्यासमोर बसून त्यांनाच कशी फोन करू? ये वाला तुझे ही करना पड़ेगा।"

मी काकूंकडे गेले. काकूंनी समोर बसवलं. "आधी आपलं नाव, मग काम. म्हण." मी म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं. शंतनू म्हणाला, "मी करू का रेवा बनून? आवाज बारीक करतो." काकूंनी त्याच्यावर डोळे वटारले.

सकाळी फोन लावला, सरांनी उचलला नाही. दुपारी बिझी. दुसऱ्या दिवशीही तेच. दर वेळी रिंग सुरू झाली की मी डोळे मिटून घ्यायचे आणि उचलला नाही की हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं म्हणून रडू यायचं. आई पुण्यासाठी माझे स्वेटर काढून राहिली होती.

शेवटी काकूंच्या हॉलमध्ये उभी राहून लावला. काकू एका बाजूला, शंतनू दुसऱ्या बाजूला, जशी मी पळूनच जाणार होते. रिंग जात होती. जात होती. मी मनात घोकत होते, आधी नाव, मग काम, आधी नाव, मग काम.

आणि एकदम पलीकडून भारदस्त आवाज आला, "हैलो?"

मी दचकले. तोंडातून फाडफाड निघालं, "नमस्ते सर, मैं केतकी बोल रही हूँ, रेवाजी की तरफ़ से!"

काकूंनी कपाळावर हात मारला. शंतनू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अच्छा?" सर म्हणाले. "केतकीजी तो मेरे सामने बैठी हैं, समोसा खा रही हैं।"

मागे कोणाला तरी जोराचा ठसका लागला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "कोई बात नहीं, केतकीजी. मेरे पास टाइम है. बताइए, रेवाजी कैसी हैं?"