अकराव्या पानावरची अट

छापखान्यात त्यांना सगळे काना-मात्रा म्हणत. तीस वर्षं मुद्रितं तपासून नजर अशी झाली होती, की लग्नपत्रिकेतही त्यांना आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसायचं, मग नवरा-नवरी. एका विमा कंपनीची आरोग्यविम्याची पुस्तिका दरवर्षी त्यांच्याच टेबलावरून जायची. बायको म्हणाली, "आपणही विमा घेऊ या का?" तेव्हा ते ऐटीत म्हणाले, "अगं, ती पुस्तिका मला तोंडपाठ आहे!" आणि फॉर्मवर सही ठोकून मोकळे झाले.

सात महिन्यांनी बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे निघाले. तिला आणि मेहुणीला बाकावर बसवून काना-मात्रा विम्याचं कार्ड घेऊन हॉस्पिटलच्या खिडकीशी गेले.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षं या आजाराचा खर्च मिळत नाही. प्रतीक्षा कालावधी असतो."

"कुठं लिहिलंय तसं?" त्यांचा आवाज चढला. रांगेतल्या माना वळल्या.

मुलीने पुस्तिकेचं अकरावं पान पुढे केलं. त्यांनी ते पाहताक्षणी ओळखलं. 'प्रतिक्षा'तला 'ति' त्यांनीच दीर्घ केला होता. 'पित्ताशय'मधला सुटलेला अर्धा त त्यांनीच जोडला होता.

"वाचलं नव्हतं का, काका?" तिने मायेनंच विचारलं.

वाचलं होतं म्हणावं तर मूर्ख, नव्हतं म्हणावं तर खोटं. ते कार्ड खिशात घालायला गेले, तर खिसाच सापडेना.

"झालं ना, भावजी?" मेहुणीने विचारलं.

"त्यांचं मशीन बंद आहे," ते म्हणाले. बायकोने त्यांच्या लालबुंद कानांकडे पाहिलं.

ऑपरेशन साठवलेल्या पैशांतून झालं. मेहुणी आपल्या घरी गेल्यावर त्यांनी मान खाली घालून बायकोला सगळं सांगितलं. "तुझ्या बहिणीशीही खोटं बोललो," म्हणाले.

तिने पाठीशी उशी घेतली. "आणा ती पुस्तिका. पहिल्यापासून वाचा. मला समजेल असं."

दुसऱ्याच पानावर तिने थांबवलं. "वीस टक्के सहभाग म्हणजे? कोणाचा?"

"कंपनीचा असेल."

"मग ऐंशी टक्के आपण भरायचे? विमा कशाला घेतला?"

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "आपला गं. वीस टक्के आपले," ते पुटपुटले. ती हसली, तशी टाक्यांत कळ येऊन तिने पोट धरलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोलीभाड्याची मर्यादा काय भानगड आहे, ते दोघांनाही उमगेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी छापखान्यातूनच कंपनीला फोन लावला. "बाई, मी तुमचा ग्राहक. मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. सावकाश सांगाल का?"

बाई सांगू लागल्या. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली, तर नुसत्या भाड्यालाच नाही, बाकीच्या बिलालाही कात्री लागते. शेजारच्या यंत्रावरचा माणूस हातातलं काम थांबवून ऐकत होता. त्याला हसू आवरेना. काना-मात्रांची कानशिलं तापली. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि फोनमध्ये म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा, लिहून घेतो."