सुमेधनं जुन्या ट्रॅक्टरला बसवलेला दुसरा पंप

जायचा नंबर माझा होता. गेला धाकटा.

आज वर्ष झालं. वर्षभर लिहायला घेतलं की मोबाईल उपडा ठेवून द्यायचो. आज लिहितो.

सुमेध माझा सख्खा भाऊ. बाळापूरच्या पुढं आमचं गाव, कपाशी-तुरीचं वावर आणि बाबांनी घेतलेला जुना ट्रॅक्टर. इतका जुना की शोरूमवाले त्याला बघून लांबूनच हात जोडायचे. मागं नांगर उचलण्यापुरती लिफ्ट होती, बाकी सगळं अंगमेहनतीवर.

मला लकवा मारला आणि डावी बाजू गेली. डावा हात गेला, डावा पाय गेला.

डावा पाय म्हणजे क्लच.

मी ओसरीवर बसून राहिलो. येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसणं एवढंच काम उरलं होतं, ते मात्र मन लावून करायचो.

लोक म्हणाले, ट्रॅक्टर विकून टाका. मीही म्हणालो, विक.

सुमेध म्हणाला, "काहून? तुह्या पायाचं काम जॅक करन न."

जॅक म्हणजे ट्रॉली उचलतो तो हायड्रॉलिकचा दांडा. याला तसलाच छोटा हवा होता, क्लचच्या पायडलवर बसेल असा. आपण हातानं लिव्हर ओढायची, तेलाच्या प्रेशरनं जॅक पायडल दाबणार.

अकोल्याच्या भंगारातून पंप आणला. तेलाची वेगळी टाकी वेल्डिंग करून घेतली. होस पाइप बाळापुरातून. सगळ्या अंगणात ऑइल.

माय कपाळावर हात मारून म्हणाली, "एकाले लकवा मारला, दुसऱ्याले येड लागलं."

पहिल्या ट्रायलला आमच्या सुमेधसाहेबांनी पंप ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर बसवला होता. आता आमच्या जुन्या ट्रॅक्टरची गंमत अशी, की क्लच दाबला की तो शाफ्टच थांबतो. म्हणजे क्लच अर्धा दबला की पंप बंद. आणि पंप बंद, म्हणून क्लच अर्धाच. ट्रॅक्टर काही थांबेना. वर मी, एका हातात स्टेअरिंग, आणि समोर बकऱ्यांचा गोठा.

ब्रेक लागेपर्यंत गोठ्याचा खांब गेला. बकऱ्या गावभर.

"असं काहून होऊन राहिलं?" हा डोकं खाजवत उभा.

मी त्याला दिलेल्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. शिव्या देता देता मला हसू फुटलं. लकव्यानंतर पहिल्यांदाच.

मग त्यानं पंप पुढं घेतला, थेट इंजिनच्या पुलीवर. इंजिन चालू तोवर पंप चालू, क्लचचं काही देणंघेणं नाही. दुसरी लिव्हर ट्रॉलीसाठी, म्हणजे शेणखत खाली करायला उतरायला नको. स्टेअरिंगला एका हातानं फिरवायची मूठ.

सुरुवातीला क्लच एकदम सुटायचा आणि ट्रॅक्टर उडी मारायचा. सुमेध डाव्या मडगार्डवर बसून शिकवायचा. माझा धाकटा भाऊ, ज्याला सायकल मी शिकवली, तो.

"हळू सोड, भाऊ. घाई कोणाले आहे?"

त्या वर्षी आमची पेरणी मी केली. ट्रॅक्टरवर बसून लहान पोरासारखा रडलो. सुमेध धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून व्हिडिओ काढत होता, नालायक.

मागच्या वर्षी पावसाळ्यात दोघंच वावरात होतो. फवारणीचं पाणी ट्रॅक्टरनं नेलं होतं. दुपारी तो धुऱ्यावर बसला.

"भाऊ, छातीत कसंतरी होऊन राहिलं."

अंगाला घाम. ओठ पांढरे.

अँब्युलन्सला फोन लावला. ते म्हणाले, डांबरी रस्त्यापर्यंत येतो, पांदणीत गाडी शिरणार नाही. खरंच शिरत नाही. वावरातून रस्त्याला लागणारी आमची पांदण पावसाळ्यात नुसता काळा चिखल असते, बैलसुद्धा रुततो. तिथून निघतो तो फक्त ट्रॅक्टर.

आणि चालवणारा मी.

तो कसाबसा डाव्या मडगार्डवर चढला. पडू नये म्हणून दुपट्ट्यानं त्याला दांडीला बांधायचं होतं. मला एका हातानं गाठ मारता येत नाही. ती त्यानंच मारली.

लिव्हर ओढली, गिअर टाकला, निघालो.

ट्रॅक्टर एकदाही बंद पडला नाही. चाकं चिखलात अर्धी बुडालेली, पंप ओरडत होता, पण क्लच सांगितलं तसा धरत होता आणि सांगितलं तसा सुटत होता. त्याच्या कामात खोट नव्हती.

मी समोर बघून बोलत राहिलो. "आलाच रस्ता. झोपू नको रे." आधी तो हूं म्हणायचा. मग हूं म्हणणंही थांबलं. मान वळवली असती तर चाक नालीत गेलं असतं, म्हणून मी वळलो नाही. नुसता बोलत राहिलो.

रस्त्यावर अँब्युलन्स उभी होती. आम्ही पोचलो. हे मी स्वतःला पुन्हापुन्हा सांगतो, की आम्ही पोचलो होतो. त्याचा श्वास चालू होता.

अँब्युलन्समधला माणूस वर चढला. दुपट्टा सोडला आणि मला म्हणाला, "दादा, यांचा हात मोकळा करा."

"म्या कुठी धरला हात?"

मग पाहिलं. माझा डावा हात सुमेधनं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला होता. दोन्ही हातांनी गच्च धरला होता. त्या माणसाला बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बाळापूर मागं पडलं आणि तो गेला.

माझ्या त्या हाताला काही कळत नाही. गरम नाही, गार नाही, कोणी दाबला तरी नाही.

सगळ्या पांदणभर माझा भाऊ माझा हात धरून बसला होता, आणि मला कळलंच नाही.

सुमेध, तुला आदरांजली लिहायची वेळ यायला नको होती रे. जयभीम.