हेडक्लार्कच्या टेबलावरचा फोन

मी गाव सोडलं त्या सकाळी बापू माझ्याबरोबर लातूरच्या स्टेशनापर्यंत चालत आले. छोट्या रेल्वेच्या डब्यात माझी ट्रंक त्यांनीच चढवली. मग खिडकीशी उभं राहून एकच गोष्ट तीनदा सांगितली, "परक्या मुलखात जाऊलालास दिगू. कुणी हसलं तर डोकं तापवून घिऊ नकोस." धाकटी बहीण गोदी त्यांच्या शेजारी उभी होती. तिचं लग्न ठरलं होतं. 

कुर्डुवाडीला गाडी बदलली, पुण्यात पुन्हा बदलली आणि पिंपरीला उतरलो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. रुळांच्या एका अंगाला ज्वारीची रानं, दुसऱ्या अंगाला निर्वासितांच्या बराकी आणि मध्येच नव्या कारखान्याची चिमणी. तिथे मी स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो. मुंबई रस्त्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या रशीद मिस्त्रींच्या घरामागची खोली मी आणि कारखान्यातल्या दोघा जोडीदारांनी मिळून घेतली होती.

गावाकडची भावकी अजून म्हणते, दिगूनं नशीब काढलं. माझ्या मागून इकडे आलेली पोरंही तसंच समजतात. म्हणून एकदा हे लिहून टाकतो. बापूंचं ते सांगणं मी पाळलं, आणि पाळायला नको होतं.

कारखान्यातला आमच्या वाट्याचा फोन हेडक्लार्क सबनीस यांच्या टेबलावर असायचा. काळा, जड. भोवती सात टेबलं. कुणाचा घरचा फोन आला की सबनीस लेखणी खाली ठेवायचे आणि खुर्चीत मागे रेलायचे. मग बाकीच्यांच्याही लेखण्या थांबायच्या. बोलणारा उभा, ऐकणारे बसलेले. बायकोच्या बाळंतपणाचा निरोप असो की कुणाच्या मरणाचा, रिसीव्हर ठेवल्यावर आधी चर्चा व्हायची, मग काम. चांगली शिकलेली माणसं होती ती. दुसऱ्याचं पत्र फोडणं पाप आहे, हे त्यांना कळत होतं. मग समोर उभा असलेला माणूस आपल्या बापाशी बोलत असताना मान खाली घालून लिहीत राहावं, एवढं का कळत नव्हतं? त्याला शिक्षण लागत नाही. 

तो नंबर मी घरी कळवला होता. अगदीच नड पडली तर तालुक्याच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावा, असं लिहिलं होतं. लिहिताना थोडा तोराही होता.

गोदीचं लग्न होऊन ती सासरी गेली, त्यानंतर एका दुपारी शिपाई बोलवायला आला. मी धावत गेलो, रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे नुसती खरखर. मी ओरडलो, "बापू, मी दिगू बोलूलालोय! ऐकू येऊलालंय का?"

"येऊलालंय!" सबनीस हळूच म्हणाले. अख्खी खोली हसली.

माझे कान तापले. तेवढ्यात बापूंचा आवाज आला, लांबून, विहिरीतून यावा तसा. "दिगू, गोदी आलीया माझ्यासंगं. तिला हवापालट पायजे. तिकडली हवा तिला मानवंल का?"

"हवापालट? गोदीला? हितं?" मी ओरडून विचारलं.

विचारता विचारताच मला कळलं, आणि हेच मला कधी विसरता येत नाही. आमच्या घराण्यात कुणी कधी हवापालटाला गेलं नव्हतं. गोदीचा चुलत दीर त्याच पोस्टात नोकरीला होता, हे मला माहीत होतं. बापूंच्या भोवती त्या क्षणी कोण उभं असेल, ते मला इथून दिसत होतं. सासरी पोरीचे हाल चाललेत, तिला तुझ्याकडे आणू का, असं ते विचारत होते.

"कसली हवा?" सबनीस शेजारच्याला म्हणाले. "आणखी एक बिऱ्हाड येतंय वाटतं तिकडून."

पुन्हा हसू. आणि मी, बापूंचा मुलगा, ताठ उभा राहिलो आणि ऑफिसातल्या भाषेत बोललो, "आपलं म्हणणं लक्षात आलं. सध्या जागेची अडचण आहे. सवडीने पत्राने कळवतो."

बापाला मी 'आपलं' म्हणालो.  खरखरीतून ते म्हणाले, "बरं साहेब."

फोन बंद झाला. मी जागेवर जाऊन बसलो आणि पावत्या लावू लागलो.

बाराव्या दिवशी शाळामास्तरांच्या हातचं पत्र आलं. माझा नकार आल्यावर बापूंनी गोदीला परत सासरी पोचवलं होतं. नांदती पोर माहेरी ठेवून घ्यायची हिंमत त्यांना एकट्याला झाली नाही. सासूनं तिच्या उजव्या हातावर तापलेलं उलथणं ठेवलं होतं. गावात बोभाटा करतेस काय, म्हणून.

पत्र हातात घेऊन मी सबनीसांपुढे उभा राहिलो. रजा मागितली.

"का हो, हवापालट?" ते म्हणाले. लेखण्या थांबल्या.

त्यानंतर मी जे बोललो ते या कारखान्यात तोवर कुणी ऐकलं नव्हतं. "हाव, हवापालट! ऐका समद्यांनी, आता नीट कान देऊन ऐका. माझ्या बहिणीला सासरी डागलंय. त्या दिवशी माझा बाप तिचे हालच सांगूलालता, आन तुमी दात काढूलालते. तुमच्या हसण्याला भिऊन मी माझ्या बापाला नाही म्हनलो. आता हसा. कामून हसंनात?"

कुणी वर पाहिलं नाही. सबनीस आणि ते सातही जण खाली माना घालून लिहीत होते. म्हणजे त्यांना ते जमत होतं! तो राग मला सगळ्यात जास्त आला. फोन उचलून भिंतीवर आपटावासा वाटला. आपटला नाही. रजेचा अर्ज टेबलावर टाकला आणि निघालो.

गावी जाऊन गोदीला तिच्या सासरहून घेऊन आलो तेव्हा खोलीत ते दोघे जोडीदार होते. रशीद मिस्त्रींच्या आईनं दारातच गोदीचा हात पाहिला.  "बेटी अंदर सोएगी," एवढं म्हणाली आणि तिला आपल्या खोलीत घेऊन गेली. ज्या जागेच्या अडचणीचं मी बापाला सांगितलं होतं, ती त्या म्हातारीनं एका वाक्यात सोडवली.

माझी बदली भंगाराच्या यार्डात झाली. उद्धट वर्तन, असा शेरा पडला. तिथे ऊन होतं, गंज होता, फोन नव्हता. मी तिथे खुशीनं राहिलो.

सहा महिन्यांनी बापू आले. गोदी तोवर वसाहतीतल्या बालवाडीत मदतनीस म्हणून जाऊ लागली होती. संध्याकाळी तिनं भाकरी केल्या. डाव्या हातानं थापायला शिकली होती. जेवताना मी धीर करून म्हणालो, "बापू, त्या दिवशी फोनापाशी लोक होते हो. सगळे ऐकूलालते."

बापूंनी घास तसाच हातात धरला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या भवतीबी होते की रं."

ते चिडून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुन्हा कधी हा विषय काढला नाही आणि परत गेल्यावर कधी फोनही लावला नाही. पुढे ते गेले, ते कळलं तारेनं.

घर कुठलं, असं मला अजून विचारतात. गाव म्हणावं, तर तिथे बापू पोरीला दोन वेळा भाकरी घालू शकत होते, पण ठेवून घेऊ शकले नाहीत. पिंपरी म्हणावं, तर इथे मी बापाची भाषा लपवली. दोन्हींवर माझा राग आहे आणि तो जावा असं मला वाटत नाही. पण संध्याकाळी गोदी बालवाडीतून येते, दार लोटते आणि चप्पल काढता काढता मोठ्यानं विचारते, "दादा, काय करूलालास?" शेजारीपाजारी सगळ्यांना ऐकू जातं. मी त्याहून मोठ्यानं उत्तर देतो.