उजवा प्रसाद

माझ्या कादंबरीतली डायरी खरी आहे असं सांगितलं की लोक हसतात. त्यांचं चुकत नाही. लेखकांनी जुन्या डायऱ्या इतक्या राबवून घेतल्यात की खरी हाती आली तरी लाज वाटावी. पण मला ती कुठे सापडली वगैरे नाही. माझ्या आत्याने दिली.

पाळी गावातलं घर बंद करून आत्या साखळीला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी गोव्यातून पोर्तुगीज गेले त्या सुमाराची एक प्रेमकथा लिहायला घेतली होती आणि तिसऱ्याच प्रकरणात अडकून बसले होते. माझा राग नाकावर असतो. घरातली भांडीसुद्धा त्या दिवसांत जपून वाजत होती. शेवटी आत्याने ट्रंकेतून आपली निळ्या पुठ्ठ्याची जुनी डायरी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हेच्यात आसा तां घे," ती म्हणाली. "पण लिवशीत तां माका वाचून दाखव."

डायरीत प्रेमाचा शब्द औषधालाही नव्हता. 'काजू वेचले. गाडी दोनदा गेली.' 'भात वाळत घातलं. आज गाडी गेली नाही.' सगळी पानं अशीच. गाडी म्हणजे खाणीवरचा ट्रक, आणि तो चालवणारा सावंतवाडीकडचा एक तरुण. पुढे त्याच्या घरून मागणी आली, आमच्या घरीही स्थळ पसंत पडलं. पण आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय सोयरीक पुढे सरकत नाही. भटजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. डायरीतली शेवटची ओळ होती, 'देवाने डावा प्रसाद दिला.' त्यानंतरची पानं कोरी. आत्याने लग्न केलंच नाही.

मला आणखी काय हवं होतं? मी झपाट्याने लिहीत सुटले. माझी नायिका जन्मभर खिडकीत बसून ट्रकचा आवाज ऐकत राहिली, आणि आजच्या काळातली तिची भाची ती डायरी वाचून रडली. भाची अर्थातच माझ्यापेक्षा पुष्कळ हळवी होती.

रोज दुपारी जेवणं झाली की मी लिहिलेलं वाचायची. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की थांबायची. आत्या डोळे मिटून ऐकायची, मधे एक शब्द बोलायची नाही. शेवटचं प्रकरण संपल्यावर मात्र म्हणाली, "प्रसाद उजवो झालो असां लिव."

"असां कसां लिवू? तुझ्याच डायरीत डावो आसा."

"डायरी माझी. पुस्तक तुझां मगो. तुझ्या पुस्तकात खंयची पाकळी पडतली तां कोण ठरयता?"

मी इतिहास, सत्य, शोकांतिकेची उंची असं बरंच काही बोलले. शाळेत शिकवायचं सोडलं तरी ती खोड जात नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"देवान ऐकूक नाय," ती म्हणाली. "तू तरी ऐक." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

त्यानंतर तिने वाचन ऐकणंच बंद केलं. मी वैतागले. म्हटलं, हिला एकदा दाखवतेच, गोड शेवट किती वाईट होतो ते. मी उजवा प्रसाद दिला, धूमधडाक्यात लग्न लावलं, चांदण्यात दोघांना गोड बोलत बसवलं आणि वाचायला घेतलं.

आत्या उठून बसली. "चांदण्याचां काय एक? तो असां बोलाचो नाय. तो टायर नि बिरेक सोडून बोलणा नाय."

मी खोडलं.

"ताटात सुंगटां कित्याक वाढलंस? तेका सोसनत नाय."

मी कोलंबी काढून बांगडा वाढला.

"आणि भांडाण खंय आसा? इतक्या वर्सांचो संसार, आणि एकय भांडाण नाय?"

"कशावरसून भांडतलीत?"

तिला विचार करावा लागला नाही. "तो कधी येळार जेवूक येणा नाय. मी काय रांधून वाट बघीत बसूचां?"

ती खरोखर चिडली होती. ज्या माणसाशी लग्नच झालं नाही, तो रोज उशिरा घरी येतो म्हणून. मी आत जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि भांडण तिच्या शब्दांत लिहून घेतलं.

प्रकाशकाला हा शेवट गुळमट वाटला. आधीचा रडवणारा होता, खपला असता, असं तो म्हणाला. असेलही. मी म्हटलं, हाच ठेवा.

पुस्तक छापून आलं तेव्हा आत्याने प्रसादाचं पान माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग डायरी मागितली. शेवटच्या ओळीनंतरचं कोरं पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "लिव. देवान उजवो प्रसाद दिलो."

मी लिहिलं. डायरीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर तिने तारीख घातलेली होती, म्हणून विचारलं, "तारीख तेव्हाचीच घालू मगो?"

"नको," आत्या म्हणाली. "आजची घाल."