ताईचा ओवसा: मुलुंड ते बोरिवली, पाच सुपांसह

यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येणार हे कळलं आणि आमच्या मुलुंडच्या घरात धावपळ सुरू झाली. आम्हा कोकणातल्यांत नव्या सुनेने गौरीपुढे भरलेली सुपं ओवाळायची असतात. त्याला ओवसा म्हणतात. पण पहिला ओवसा गौर पूर्वात आली तरच होतो, नाहीतर थांबायचं. माझी वंदूताई लग्न होऊन बोरिवलीला गेल्यापासून थांबलीच होती. सुपं माहेरून जावी लागतात. बाबांची ड्यूटी, आईचे गुडघे धरलेले, म्हणून ती न्यायचं माझ्यावर आलं.

मला खरी काळजी सुपांची नव्हती. विसर्जन झालं की ताईला चार दिवस घरी आणायचं होतं. लग्नानंतर ती राहायला अशी आलीच नाही, सकाळी यायची ती संध्याकाळी परत. लहानपणी मी सारखी आजारी असायची, शाळा उशिरा सुरू झाली. अक्षरं मला ताईने शिकवली, परातीत पीठ पसरून, माझं बोट धरून. आईने तिची गादी उन्हात घातली होती, तिच्यासाठी घेतलेली साडी कपाटातून काढून ठेवली होती.

"माईंना नीट विचार. हट्ट करू नकोस," आई म्हणाली. माई म्हणजे ताईच्या सासूबाई.

मी वाक्य पाठ केलं. आधी 'पाठवाल का' होतं, ते उद्धट वाटेल म्हणून 'पाठवता येईल का' केलं.

सुपं घेऊन जाणाऱ्यांनी लोकलने दादरला जाऊन उलटं यायच्या भानगडीत पडू नये. गर्दीत सुपांतल्या काकडीचा चेंदा होतो. मी आग्रा रोडवरून पवईमार्गे अंधेरीची बस धरली. उजवीकडची खिडकी मिळाली तर तलाव दिसतो, पावसाळ्यात तो अगदी काठोकाठ असतो. सुट्टे पैसे हातात ठेवा, कारण दोन्ही हात सुपांत अडकलेले असतात.

"सुपांचं तिकीट काढलं का ताई?" कंडक्टर म्हणाला.

"काढावं लागतं?" माझा जीव घाबरा झाला. पर्स उघडायला गेले तर हळदीचा दोरा गुंडाळलेली सुपं घसरली.

"काय रे, गौर माहेराला चाललीय, तिला कसलं तिकीट?" मागच्या काकू ओरडल्या आणि दोन सुपं त्यांनी सरळ मांडीवर घेतली. साकीनाक्याला बस बराच वेळ अडकली, तोवर माझं वाक्य आणखी तीनदा बदललं. अंधेरीला उतरून हायवेची बस पकडली. बोरिवली पूर्वेला उतरलं की डोंगराच्या बाजूला ताईची बैठी चाळ.

"इलंस गो बाय? दमलंस?" माईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. दोन खोल्यांत नालासोपाऱ्यापासून डोंबिवलीपर्यंतची माणसं. मखर ताईच्या सासऱ्यांनी केलं होतं. गिरणी सुटल्यापासून त्यांचा हात सुतारकामात बसलाय.

"वंदू, माहेरची काकडी बारीकच गं आली," ताईची मोठी जाऊ म्हणाली.

"मग पुढच्या वेळी तूच जा आणायला, बसमध्ये बसूनच बारीक झालीय ती," ताई म्हणाली. सगळे हसले. मी मात्र उगाच काकडीकडे पाहत राहिले.

हिरव्या साडीतली ताई गौरीपुढे उभी राहिली. एकेक सूप उचलून तिने ओवसलं. मग वडीलधाऱ्यांना एकेक दिलं. ज्याच्या हातात सूप येतं त्याने ते रिकामं परत करायचं नाही, काहीतरी घालूनच द्यायचं. एक सूप तिने बाजूला ठेवलं. "हे आईचं. तू ने."

जेवणाआधी गणपतीपुढे पडदा ओढला, कारण गौरीला तिखटाचा नैवेद्य. वडे आणि कोंबडीचा रस्सा. सण कोकणी घरी करणार असाल तर सकाळी काही खाऊन जाऊ नका, माझ्यासारखं पश्चात्तापाने जेवावं लागतं. मग फुगड्या झाल्या. ताई माझ्याशी एकच घालू शकली, तिला सतत कुणीतरी हाक मारत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन झालं. तळ्यावरून परत येताना मी माईंच्या बाजूला गेले आणि वाक्य म्हटलं. मधेच अडखळले.

"मगे ने गो!" माई म्हणाल्या. "चार कशाक, आठ दिवस ऱ्हांव दे. इचारतंस काय?"

इतकं सोपं होतं. मी जवळजवळ पळतच घरी आले. ताई स्वयंपाकघरात खाली बसली होती. समोर परात, परातीत पीठ. जावेची चिंगी मांडीवर, आणि तिचं बोट ताईच्या हातात.

"माई हो म्हणाल्या! चल ना, पिशवी भर."

ताईने चिंगीचं बोट सोडलं नाही. "आत्ता नको गं, शैले. हिचं आता कुठे 'ग'पर्यंत आलंय. मोडलं की परत पहिल्यापासून."

"आईने गादी उन्हात घातलीय."

 तिने पिठाच्या हातानेच माझा गाल धरला. "दिवाळीला बघू, हं?"

तिला कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे मला कुणावर रागावताही येईना. चिंगी परातीकडे बोट दाखवत म्हणाली, "मावशी, हा माझा ग." छान होता. मी तसं सांगितलं.

परतीच्या बसमध्ये तलाव डावीकडे होता. मी उजवीकडे बसले होते. गालावरचं पीठ मुलुंडला उतरताना पुसलं.

आई दारातच होती. तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग सूप हातात घेतलं. मी म्हटलं, "माईंनी नाही म्हटलं नाही गं. तिलाच जमेना, जावेच्या मुलीला अक्षरं शिकवतेय."

"परातीत?" आईने विचारलं.

"हो."

आईने सुपातली काकडी, पानं काढली, सूप पदराने पुसलं आणि ती नवी साडी घडी न मोडता त्यात ठेवली. ती तिला स्वतःच्या हाताने ताईला नेसवायची होती. मग म्हणाली, "रविवारी नेऊन दे. आणि गादी आत घे, पाऊस येईल."

रविवारी पुन्हा तीच बस. या वेळी वाक्य पाठ करायचं नाहीये, सूप तेवढं सरळ धरायचं.